नुरेम्बर्ग अर्ध्या दिवसात उरकू नका, आणि तिकीट काढायच्या आधी वार बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत सुट्टीसाठी युरोपचे कार्यक्रम छापून येतात ते मी आवर्जून वाचतो. त्यात जर्मनी आली की बहुतेक एकच साचा असतो, फ्रँकफर्टला उतरायचं, ऱ्हाइन नदीत बोटीतून फिरायचं, ब्लॅक फॉरेस्टमधे कुकूची घड्याळं बघायची, म्युनिकला मुक्काम, आणि मधे कुठेतरी एका ओळीत "नुरेम्बर्ग, अर्धा दिवस". अर्धा दिवस म्हणजे प्रत्यक्षात काय, तर बस किल्ल्याखाली थांबते, बाजारचौकात पाऊण तास मोकळा, फोटो, जिंजरब्रेडचं एखादं पाकीट आणि निघाली बस. आमच्या ओळखीतली बरीच वयस्कर मंडळी असं जाऊन आलीत आणि त्यांना विचारलं तर एवढंच सांगतात की चौकात एक सोनेरी कारंजं होतं. माझी मुलगी शेजारच्या एर्लांगनला शिकायला होती म्हणून मला हे शहर निवांत बघायला मिळालं, आणि तेव्हापासून कोणी जर्मनीचा प्लॅन करतंय कळलं की मी मागेच लागतो, की बाबांनो नुरेम्बर्गला तीन पूर्ण दिवस द्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी नेत्यांवर खटले चालले ते कोर्ट आणि नाझींच्या सभांचं मैदान बघितल्याशिवाय परत येऊ नका. पत्र लांबलंय, जागेप्रमाणे कापलंत तरी चालेल, फक्त कोर्टाचा भाग कापू नका ही विनंती.

सुरुवात विमानापासूनच करतो कारण सगळी गडबड तिथेच होते. लोक आधी स्वस्त तिकीट शोधतात, मिळेल त्या तारखेचं बुक करून टाकतात, आणि तिकडे पोचल्यावर हॉटेलात बसून काय बघायचं ते ठरवतात. या शहरासाठी हे अगदी उलट करा. आधी काय बघायचंय ते ठरवा, मग वार ठरवा आणि मग त्या वाराचं तिकीट शोधा. कारण तिकडची बहुतेक म्युझियम सोमवारी बंद असतात, ज्या कोर्टात युद्धानंतरचे खटले चालले तिथलं मेमोरियम, म्हणजे त्या खटल्यांचं स्मारक-म्युझियम, मंगळवारी बंद असतं, आणि रविवारी दुकानं कायद्यानेच बंद, फक्त स्टेशनातली तेवढी उघडी. म्हणजे एखादा माणूस रविवारी सकाळी उतरला आणि मंगळवारी संध्याकाळी निघाला तर मधल्या काळात त्याला बंद दारंच जास्त दिसणार. माझ्या मते बुधवारी सकाळी उतरणं सगळ्यात चांगलं, बुधवार प्रवासात आणि थकव्यात जातो, गुरुवार शुक्रवार शनिवार तिन्ही दिवस सगळं उघडं मिळतं, आणि रविवारी बाम्बर्गला जाता येतं, तेही जुनं गाव आहे, १९९३ पासून युनेस्कोच्या यादीत, लोकल गाडीने तासाभराच्या आत.

फ्रँकफर्ट का म्युनिक हे सगळे विचारतात. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान आहे, नऊ तासांच्या आसपास लागतात, मध्यरात्रीनंतर निघून तिकडच्या सकाळी पोचतं. फ्रँकफर्टचा फायदा असा की लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन एअरपोर्टला लागूनच आहे, टर्मिनल १ मधून बॅगा ढकलत चालत जाता येतं, आणि तिथून वुर्झबुर्गमार्गे नुरेम्बर्गला थेट आयसीई, म्हणजे त्यांची वेगवान गाडी, मिळते, अडीच तासांच्या आत पोचवते. म्युनिक नकाशावर जवळ दिसतं आणि म्युनिक मेन स्टेशनवरून आयसीईने नुरेम्बर्ग तासा-सव्वा तासाचं आहे हेही खरं, पण म्युनिकच्या एअरपोर्टला आयसीई येत नाही, आधी एस-बानने म्हणजे लोकलने पाऊण तास शहरात जायचं, तिथे सामान घेऊन गाडी बदलायची, म्हणजे शेवटी हिशोब जवळपास तेवढाच. नुरेम्बर्गचा स्वतःचा एअरपोर्टही आहे, चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररच्या नावाचा, छोटासा, तिथून भुयारी रेल्वेने १२ मिनिटात मेन स्टेशन येतं. इस्तंबूल, अ‍ॅमस्टरडॅम, पॅरिसहून तिथे विमानं येतात, आणि ज्यांना बॅगा घेऊन गाड्या बदलणं झेपत नाही त्यांच्यासाठी हाच रस्ता बरा. फक्त एवढं लक्षात ठेवा की अ‍ॅमस्टरडॅम किंवा पॅरिसला विमान बदललंत तर शेंगेनमधला, म्हणजे एकाच विसावर फिरता येतं त्या युरोपीय देशांमधला, प्रवेश तिथेच होतो, पासपोर्टची रांग तिथेच, पुढचं विमान आपल्या डोमेस्टिकसारखं. त्यामुळे तासाभराचा लेओव्हर स्वस्तात दिसला तरी घेऊ नका, निदान अडीच-तीन तास मधे हवेत. इस्तंबूलमार्गे गेलात तर पासपोर्टचं काम नुरेम्बर्गला उतरल्यावर होतं, तिथे पुढचं काही चुकायची भीती नाही.

आता रेल्वेच्या तिकिटाची गोष्ट, ही नीट वाचा. जर्मन रेल्वेची स्वस्त तिकिटं, ज्यांना ते श्पारप्राइस म्हणतात, ती एका ठराविक गाडीला बांधलेली असतात. तुमचं विमान दोन तास लेट झालं आणि ती गाडी गेली तर तिकीट वाया, कारण विमान आणि रेल्वे या दोन वेगळ्या खरेद्या, एकाने केलेल्या उशिराशी दुसऱ्याचा संबंध नाही. म्हणून उतरण्याच्या दिवशीचं रेल्वे तिकीट एकतर फ्लेक्सी, म्हणजे एका गाडीला न बांधलेलं, घ्या, किंवा विमान उतरायच्या वेळेनंतर तीन तास सोडून पुढची गाडी धरा, किंवा सरळ विमान कंपनीकडूनच विमान आणि गाडी एका तिकिटावर घ्या, फ्रँकफर्टहून तशी सोय आहे, मग उशीर झाला तर पुढच्या गाडीत बसवायची जबाबदारी त्यांची. आणि जर्मन गाड्या घड्याळाच्या काट्यावर धावतात असं आपल्याकडे अजून सांगितलं जातं ते आता डोक्यातून काढून टाका, २०२४ मधे त्यांच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी जेमतेम ६२-६३ टक्केच वेळेवर होत्या, तेही सहा मिनिटांच्या आतला उशीर ते धरतच नाहीत. मात्र नियम प्रवाशाच्या बाजूचे आहेत. तुम्हाला मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की गाडीला बांधलेलं तिकीटही मोकळं होतं, दुसऱ्या गाडीने जाता येतं, आणि तासाभरापेक्षा जास्त उशीर झाला तर भाड्यातले २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परत मागता येतात. परतीच्या दिवशी तर गाडी आणि विमान यात चांगलं अंतर ठेवा, तिथे कंजुषी नको.

विसाचं थोडक्यात. शेंगेन विसाची फी मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात, पण खरी अडचण अपॉइंटमेंट मिळायची असते, सुट्टीच्या मोसमात फार थांबावं लागतं, म्हणून तीन-चार महिने आधीच हलायला लागा. निदान ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स लागतो. ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करायचा हा नियम आहे, त्यामुळे स्वित्झर्लंडला पाच रात्री आणि जर्मनीला दोन असा कार्यक्रम असेल तर जर्मनीकडे अर्ज करून उपयोग नाही. आणि विसा हातात पडायच्या आधी पैसे परत न मिळणारं तिकीट काढू नका, कोणी कितीही घाई केली तरी.

तारखांबद्दल अजून एक जे पुरवणीत कधीच येत नाही. नुरेम्बर्ग हे मोठ्या व्यापारी प्रदर्शनांचं शहर आहे, जानेवारीच्या शेवटी-फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथे खेळण्यांचं जगातलं सगळ्यात मोठं प्रदर्शन भरतं आणि त्या आठवड्यात हॉटेलचे दर आकाशाला भिडतात. डिसेंबरचा नाताळ बाजार, क्रिस्टकिंडल्समार्क्ट, पहिल्या अ‍ॅडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्याच्या, आधीच्या शुक्रवारी सुरू होतो आणि २४ डिसेंबरला संपतो, तो सुंदर असतो, लालपांढऱ्या पट्ट्यांच्या छपराखाली लाकडी दुकानं, पण तेव्हा गर्दी तुफान, साडेचारलाच अंधार, आणि वयस्कर लोकांना दगडी रस्त्यावर थंडीत चालणं अवघड. मला विचाराल तर मे-जून किंवा सप्टेंबर. मे-जूनमधे उत्तरेकडच्या क्नोब्लाउखस्लांड नावाच्या भाजीपट्ट्यातलं, म्हणजे एअरपोर्टला लागूनच जी शेतं दिसतात तिथलं, पांढरं अ‍ॅस्परागस हॉटेलाहॉटेलात मिळतं, २४ जूनपर्यंतच, आणि शाकाहारी माणसाला तो मोसम फार सोयीचा. एरवी शाकाहाऱ्यांसाठी चीजमधले श्पेट्झले म्हणजे अंड्याच्या पिठाचे जाडसर नूडल्स, ब्रेत्झल म्हणजे गाठ मारलेला खारा पाव, बटाट्याचे प्रकार आहेत, उपाशी राहत नाही कोणी. ज्यांना चालतं त्यांनी बोटाएवढे छोटे सॉसेज पावात घालून तीन-तीन देतात ते उभ्याउभ्या खावेत. लेबकुखन म्हणजे त्यांचं जिंजरब्रेड घ्यायचं तर एलिझनलेबकुखन घ्या, त्यात निदान २५ टक्के बदाम-हेझलनट-अक्रोडासारखा सुकामेवा असावा आणि पीठ १० टक्क्यांच्या वर नसावं असा नियमच आहे, स्टेशनवरच्या रंगीत डब्यातल्या साध्या प्रकारात आणि त्यात फार फरक आहे.

आता शहर. स्टेशनच्या समोरच जुन्या तटाचा गोल बुरुज दिसतो, आत शिरलात की जुनं शहर सुरू. साधारण पाच किलोमीटरच्या तटापैकी चारएक किलोमीटर अजून उभा आहे. एक माहिती असू दे, जे मध्ययुगीन दिसतं त्यातलं बरंचसं पुन्हा बांधलेलं आहे. २ जानेवारी १९४५ च्या रात्री ब्रिटिश बॉम्बर आले आणि जुन्या शहराचा जवळजवळ ९० टक्के भाग गेला. नंतर त्यांनी जुन्या गल्ल्यांचा आराखडा आणि छपरांची ठेवण तशीच ठेवून शहर उभं केलं, म्हणून काही घरं पाचशे वर्षांची तर शेजारचं १९५० च्या दशकातलं साधं, आणि तरी एकूण डोळ्याला खटकत नाही.

लोरेंझ चर्चमधे निदान एक तास द्या, टूरवाले इथे बाहेरूनच फोटो काढायला लावतात. आत डाव्या बाजूला शिल्पकार आडाम क्राफ्टने १४९३ ते ९६ मधे घडवलेला दगडी मनोरा आहे, जवळजवळ वीस मीटर उंच, इतका नाजूक की वरचं टोक छताला लागल्यावर वेलीसारखं वळवलंय, आणि हे सगळं खाली तीन माणसांच्या खांद्यावर पेललेलं दाखवलंय. त्यातला समोरचा दाढीवाला, हातात हातोडा घेऊन गुडघ्यावर बसलेला, तो स्वतः क्राफ्ट. कारागिराने स्वतःला राजाच्या शेजारी कुठे बसवलं नाही, कामाच्या ओझ्याखाली बसवलं, मी तिथून लवकर हललोच नाही. वर छतापासून फाइट श्टोसचं लाकडी शिल्प टांगलंय, मेरी आणि देवदूत, भोवती गुलाबांचं कडं, १५१७-१८ मधलं. १८१७ मधे ते खाली पडून त्याचे तुकडे झाले होते आणि सगळे गोळा करून पुन्हा जोडलं. १५२५ मधे शहर प्रोटेस्टंट झालं तेव्हा बाकी बऱ्याच गावांत मूर्ती फोडल्या गेल्या, इथल्या लोकांनी ठेवल्या.

बाजारचौकात, हाउप्टमार्क्टमधे, दुपारी बाराला पोचा. फ्राउएनकिर्श चर्चच्या वरच्या घड्याळात त्या वेळी बाहुल्या फिरतात, मधे बसलेल्या सम्राट चौथ्या कार्लला सात इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडायचा हक्क असलेले सात जण, तीन फेऱ्या घालतात, तो हक्क ठरवणाऱ्या १३५६ च्या सनदेची ती आठवण, घड्याळ १५०९ चं. सगळे मोबाईल वर करून उभे असतात. पण हे बघताना त्याच जागेची दुसरी गोष्टही माहिती असायला हवी, आणि गाईड ती सांगतोच असं नाही. हा चौक आधी ज्यूंची वस्ती होती. १३४९ मधे याच कार्लच्या संमतीने ती पाडली, निदान ५६२ ज्यूंना मारलं, आणि सिनेगॉगच्या जागेवर हे चर्च उभं केलं. चर्चमधे जमिनीवर त्याची खूण म्हणून डेव्हिडचा तारा बसवलाय, आत जाऊन बघा. सोनेरी कारंजं चौकाच्या कोपऱ्यातच आहे, १९ मीटर उंच, त्याच्या जाळीतली पितळी कडी फिरवली की इच्छा पूर्ण होते म्हणतात, पोरं रांगेत असतात. आत्ता दिसतं ती प्रतिकृती आहे, मूळ चौदाव्या शतकातल्या कारंज्याचे उरलेले भाग गेर्मानिशेस नाश्योनालम्युझियममधे, म्हणजे इथल्या जर्मन राष्ट्रीय म्युझियममधे, ठेवलेत.

मग चढ चढून किल्ला. आपण मराठी माणसं गडावर गेलो की आधी पाण्याचं टाकं कुठे ते विचारतो, तसंच इथेही करा, खोल विहीर बघितल्याशिवाय उतरू नका. अख्ख्या वालुकाश्मात खोदलेली, पन्नासएक मीटर खोल, छोट्याशा घरात झाकलेली. गाईड वरून पाणी ओततो आणि सगळ्यांना गप्प उभं करतो, कितीतरी सेकंदांनी खालून आवाज येतो. मग मेणबत्त्यांचं तबक दोरीने खाली सोडतो आणि ते जाता जाता एका ठिपक्याएवढं होतं. वेढा पडला तर किल्ल्याला पाणी हेच, हे कोणी सांगायला लागत नाही. गोल झिनवेल बुरुजावरून सगळं शहर दिसतं पण पायऱ्या बऱ्याच आहेत, ज्यांना जमत नाही त्यांना किल्ल्याच्या कट्ट्यावरूनही छान दिसतं.

किल्ल्याखालीच ड्यूररचं घर. १५०९ पासून १५२८ मधे वारला तोवर तो इथे राहिला, युद्धात हे घर बऱ्यापैकी वाचलं. आत छपाईचं काम करून दाखवतात, शाईचा वास, दाबाचा आवाज, लहान मुलांना घेऊन गेलात तर ती इथेच रमतात. आणि इथे आपल्याला जवळची अशी एक गोष्ट आहे. गुजरातच्या सुलतान मुजफ्फर शाहने पोर्तुगीजांचा इथला गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला होता, तो जानेवारी १५१५ मधे गोव्याहून जहाजात चढवला आणि मे महिन्यात लिस्बनला उतरला. रोमन काळानंतर युरोपात आलेला हा पहिला जिवंत गेंडा मानतात. लिस्बनहून कोणीतरी पत्र आणि कच्चं रेखाटन पाठवलं आणि ड्यूररने प्राणी डोळ्याने न बघता नुरेम्बर्गमधे बसून त्याचं लाकडी ठशाचं चित्र केलं, अंगावर चिलखताचे पत्रे ठोकल्यासारखे, पायावर खवले, आणि मानेच्या मागे एक जास्तीचं छोटं शिंग. ते चित्र इतकं पसरलं की पुढची दोनेकशे वर्षं युरोपातले लोक गेंडा म्हणजे असाच असं धरून चालले. बिचारा प्राणी मात्र पुढच्याच वर्षी पोपकडे भेट म्हणून पाठवताना इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. ड्यूररची कबर योहानिस कब्रस्तानात आहे, जरा लांब, पण गुलाबांच्या झुडपांमधे आडवे दगड आणि त्यावरचे ब्राँझचे फलक बघत तासभर सहज जातो, फाइट श्टोसही तिथेच आहे. जूनमधे जा.

गेर्मानिशेस नाश्योनालम्युझियम प्रचंड आहे, सगळं बघायला जाऊ नका. मार्टिन बेहाइमचा पृथ्वीचा गोल, १४९२ च्या आसपासचा, जगातला सगळ्यात जुना टिकलेला, तेवढा शोधा, त्यात अमेरिका नाही कारण कोलंबस तेव्हा परतलाच नव्हता. आणि म्युझियमच्या बाहेरची गल्ली विसरू नका, इस्रायली शिल्पकार दानी काराव्हानने १९९३ मधे केलेला मानवी हक्कांचा रस्ता. आठ मीटरचे पांढरे गोल खांब एका ओळीत, त्यांच्यासोबत जमिनीत पुरलेले दोन आणि एका ठिकाणी खांबाऐवजी ओकचं झाड, मिळून तीस, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याची तीस कलमं, प्रत्येकावर वेगळी भाषा. तिकीट नाही, केव्हाही जा. शहर दर दोन वर्षांनी मानवी हक्कांचा पुरस्कारही देतं, २००३ मधे तो मुंबईच्या तीस्ता सेटलवाड आणि पाकिस्तानचे इब्न अब्दुर रहमान यांना मिळून दिला होता.

आणि आता तो भाग ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. शहराच्या आग्नेयेला, ट्रामने वीसेक मिनिटांवर, नाझी पक्षाच्या सभांचं मैदान आहे. १९३३ ते ३८ दरवर्षी इथे लाखोंचे मेळावे झाले, १९३५ मधे ज्यूंचं नागरिकत्व काढून घेणारे कायदे याच शहरातल्या मेळाव्यात जाहीर झाले. हिटलरचा आर्किटेक्ट अल्बर्ट श्पेअरने बांधलेली झेपेलिन मैदानाची दगडी व्यासपीठं अजून उभी आहेत, ३०० मीटरच्या वर लांब, पायऱ्यांमधून गवत उगवलंय. त्यावरचं भलंमोठं स्वस्तिक चिन्ह अमेरिकन सैन्याने एप्रिल १९४५ मधे सुरुंग लावून उडवलं, त्याची फिल्म आहे. शहराने ठरवलंय की हे पडू द्यायचं नाही आणि नव्यासारखं चकचकीतही करायचं नाही, लोकांना चालता येईल एवढंच सावरायचं, आणि मला ते फार योग्य वाटतं. तळ्याकाठी रोमच्या कोलोसियमच्या धर्तीवरचा काँग्रेस हॉल अर्धवट राहिलाय, त्याच्या एका टोकात डॉक्युमेंटेशन सेंटर आहे. आर्किटेक्टने जुन्या दगडी भिंतींमधून काच आणि स्टीलचा एक तिरका सुळका आरपार घुसवलाय, दरवाजातच दिसतो, समजावून सांगायला कोणी लागत नाही. तिथे गेली काही वर्षं विस्ताराचं काम चालू होतं त्यामुळे कोणता भाग उघडा आहे ते जायच्या आधी त्यांच्या साईटवर बघा.

हे सकाळी करा आणि त्याच दिवशी दुपारी कोर्टात जा, हाच क्रम ठेवा. भुयारी रेल्वेच्या यू-१ लाईनवर बेरेनशान्झे स्टेशन, बाहेर पडलात की न्यायालयाची मोठी इमारत. बॉम्बवर्षावात ही इमारत बऱ्यापैकी शाबूत राहिली आणि तुरुंग मागेच जोडलेला होता म्हणून दोस्त राष्ट्रांनी हे ठिकाण निवडलं. वर ६०० नंबरची कोर्टरूम. २० नोव्हेंबर १९४५ ला बड्या नाझी नेत्यांवरचा खटला सुरू झाला आणि १ ऑक्टोबर १९४६ ला निकाल, बारा जणांना फाशी, सात जणांना कैद, तीन सुटले. मी आत गेलो तेव्हा पहिली जाणवलेली गोष्ट म्हणजे खोली किती लहान आहे. खटल्यासाठी भिंत पाडून ती वाढवली होती आणि नंतर परत पूर्वीएवढी केली. काळपट लाकडी पॅनेल, संगमरवरी चौकटीचं दार, त्यावर आदम-ईव्हचं शिल्प, आणि साधी बाकं. २०२० पर्यंत इथे खुनाचे-दरोड्याचे रोजचे खटले चालायचे, म्हणजे या जागेचं म्युझियम व्हायच्या आधी आणि नंतरही ती न्यायालय म्हणूनच वापरात होती.

वरच्या मजल्यावरच्या प्रदर्शनात आरोपींच्या मूळ बाकांचा भाग आहे, आणि भाषांतराची व्यवस्था कशी होती ते दाखवलंय, तिथे मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो. इंग्रजी, फ्रेंच, रशियन, जर्मन, चार भाषांत एकाच वेळी, हेडफोन लावून, इतक्या मोठ्या प्रमाणात पहिल्यांदाच. बोलणारा फार भरभर बोलायला लागला की पिवळा दिवा लागायचा, लाल लागला की थांबायचं. ज्यांनी लाखो माणसांना एक शब्दही न ऐकून घेता मारलं त्यांचं म्हणणं दुभाष्याला नीट ऐकू यावं म्हणून कोर्ट थांबायचं, महिनोन्‌महिने. कॉलेजातल्या मुलांना तर हे दाखवाच, लॉ करणारं घरात कोणी असेल तर आधी हे आणि मग किल्ला. ऑडिओ गाईड इंग्रजीत मिळतो, दीड-दोन तास धरून चला, आणि कधी कधी कार्यक्रमामुळे ती खोली बंद असते, ते आधी साईटवर कळतं.

मला बरेच जण म्हणतात की सुट्टीत असलं जड कशाला, आणि एका टूर कंपनीच्या माणसाने तर मला तोंडावर सांगितलं की आमच्या पाहुण्यांना हे आवडत नाही म्हणून ठेवत नाही. मी ज्यांना ज्यांना तिथे पाठवलं त्यातल्या सत्तरीच्या आजींपासून दहावीतल्या पोरापर्यंत एकानेही येऊन मला असं सांगितलं नाही. घरी आल्यावर किल्ल्याबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि त्या खोलीबद्दल अर्धा तास.

शहरात फिरायला दिवसाचा पास काढा, भुयारी रेल्वे, ट्राम, बस सगळ्यात चालतो, आणि यू-३ ला ड्रायव्हर नसतो, २००८ पासून, पुढच्या काचेपाशी उभं राहून बोगदा बघता येतो, नातवंडं खूष. बाम्बर्गला जायला बायर्न तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यात चालणारं एका दिवसाचं तिकीट, घेतलंत तर साध्या गाड्यांनी दिवसभर फिरता येतं, दोघं-तिघं असाल तर माणशी फार कमी पडतं, आयसीईत मात्र चालत नाही, आणि शनिवार-रविवार सोडून सकाळी नऊच्या आधी नाही.

संपादक साहेब, माझी मागणी साधी आहे. पुरवणीत पुढच्या वेळी जर्मनीचा कार्यक्रम छापाल तेव्हा नुरेम्बर्गच्या समोर निदान दोन मुक्काम लिहा, कुठल्या वारी काय बंद असतं ती चौकट द्या, आणि बेरेनशान्झे स्टेशनचं नाव छापा. जाहिरात देणाऱ्या कंपन्यांनाही कळवा की वाचक हे विचारतायत. आणि ज्या वाचकांनी पुढच्या मे महिन्याचं ठरवलंय त्यांनी विसाची अपॉइंटमेंट आत्ताच शोधायला घ्या.

आपला,
एक नियमित वाचक